सात दिवस चालणारं घड्याळ

खोक्यावर लिव्हलं होतं, एकदा चार्जिंग केलं की सात दिवस बघायचं काम न्हाई. ज्यानं कोणी ते लिव्हलं त्याला एकदा आमच्या घरी आणून बसवायला पायजे. सकाळी आठला लाईट जाणार, दुपारी दोनला येणार, बोर्डावर पिन धड बसायला जागा एकच, आन् त्या एका जागेवर ह्यांचा मोबाईल, माझा मोबाईल, मिक्सर आन् वरून ते घड्याळ. सात दिवस म्हणे. दीड दिवस बी धड चालत न्हाई ते. त्याच्यावरून चार फोन उचलले की दुपारीच मान टाकतंय.

आता तुमी म्हणताल, म्हशी भरवणाऱ्या माणसाला असलं घड्याळ कशाला लागतंय. मी बी तेच म्हणले होते.

आमचे हे, आदिनाथ, खरे डॉक्टर न्हाईत. बारावीनंतर जनावरं भरवायचं शिक्षण घेतलं, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलंय. गाडीला मागं नायट्रोजनची टाकी बांधायची, त्यात वळू-रेड्याच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या, आन् सेलूपासून देवगाव फाट्यापर्यंत वीस-बावीस गावं हिंडायचं. कोणाची गाय, कोणाची म्हैस माजावर आली की फोन येतो, डॉक्टर, लवकर या. मी डॉक्टर न्हाई, असं त्यांनी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगून बघितलं, आता सांगायचं सोडून दिलं. माणूस लय साधा. कोणी टाकून बोललं तर खाली बघणार, कोणी वेळेवर बोलावलं न्हाई तरी जाणार, आन् जे हाताला लागलं तेवढंच सांगणार, एक शब्द इकडं न्हाई की तिकडं न्हाई. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय बेजारी आसती ती मला विचारा.

हे काम करताना डाव्या हातात खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा घालायचा आन् तो हात जनावराच्या आत. उजव्या हातात कांडीची नळी. गेल्या आश्विनात शेतातल्या एका आखाड्यावर हात असाच आत असताना खिशातला मोबाईल वाजला. रिंगटोन मीच लावून दिलेली, ढोलकीची. म्हैस बिचकली आन् तिनं असली लाथ मारली की पंधरा दिवस गुडघ्याला हळदीचा लेप लावून हे घरात बसले. तेव्हा कोणीतरी अक्कल शिकवली की फोन मुका करून गाडीच्या पिशवीत ठेवा आन् मनगटाला ते नवीन घड्याळ बांधा. फोन आला की मनगट थरथरतंय, आवाज न्हाई, काही न्हाई. दिवाळीत घेतलं. सगळं जग डाव्या हातात घड्याळ घालतं, ह्यांनी उजव्या हातात घातलं, कारण डावा हात कुठं आसतो ते सांगितलंच.

सुरुवातीला लय खूश होते. मंग त्या घड्याळाचे एकेक रंग दिसायला लागले. देवगाव फाट्यापर्यंत गाडीवर जाऊन आले, तर घड्याळ म्हणायचं, आज अकरा हजार पावलं चाललात, शाबास. रस्त्यातले खड्डे मोजायचं ते. हात म्हशीत आसला की सांगायचं, लय वेळ बसलाय, जरा उठा. गाडी गोठ्यापासून लांब लावली की मोबाईलशी त्याची सोयरीक तुटायची. त्याची चार्जिंगची वायर बी जगावेगळी, दुसरी कोणतीच चालत न्हाई. घड्याळाच्या पाठीला नुसती चिकटून बसती, झाडूचा धक्का लागला की सुटती. आन् घड्याळाशी जोडून ठेवायचं म्हणून मोबाईल बी संध्याकाळपर्यंत निम्मा व्हायचा. म्हणजे आधी एकाला चार्जिंग लागायचं, आता दोघांना. घड्याळ त्यांचं आन् चाकरी माझी. रोज सकाळी उठून आधी देवाला न्हाई, त्या घड्याळाला बघायचं, लागलंय का, सुटलंय का. मी त्यांना शंभरदा म्हणले, अहो, फेका ते. तर म्हणायचे, गुडघा तुझा न्हाई सुजला.

खरं तर भांडण घड्याळाचं न्हाई. भुरीचं हाय. भुरी म्हणजे माझ्या आत्याची म्हैस.

धुरपदाबाई माझी सख्खी आत्या. माझी आई लवकर गेली, तेव्हा दुसरीपासून तिनंच मला इथं आणून वाढवलं, आन् लग्न बी गावातच लावून दिलं, डोळ्यासमोर ऱ्हावी म्हणून. तिचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. जीभ आमच्या घराण्याची, म्हणजे तिखट. तिचे मालक, आमचे मामा, जाऊन सात वर्षं झाली. तिचा पोरगा हरिओम आन् सून निकिता दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जातेत ते गुढीपाडव्यालाच येतेत. तेवढे पाच महिने त्या घरात आत्या आन् भुरी, दोघीच. आत्या तिच्याशी बोलायची, भांडायची बी. चहा प्यायला बसली तरी गोठ्यातच बसायची.

पण भुरी दोनदा उलटली होती. भरवली तरी गाभण ऱ्हायली न्हाई, आन् दूध तर कधीच आटलं होतं. दिवाळीत जाताना हरिओम सांगून गेला, "आई, पाडव्याला मी येईस्तोवर गाभण ऱ्हायली तर ठेवू. न्हाई ऱ्हायली तर विकायची. भाकड म्हशीला वैरण कुठून आणायची?" त्याचं बी चुकीचं न्हाई. पाच महिने कोयता हाणून आलेला माणूस, त्यानं रिकाम्या म्हशीच्या तोंडात काय घालावं.

ह्यांनी तेव्हाच बोटं मोजून आत्याला समजावलं. हात घालून गाभण सांगायचं तर दोन महिने पुरे व्हायला पायजेत, त्याच्या आत ते सांगत न्हाईत. म्हणजे पाडव्याला सांगायचं तर भुरी संक्रांतीच्या आसपास भरली पायजे. माज हुकला तर पुढचा एकवीस दिवसांनी, आन् मंग पाडव्यापर्यंत दोन महिने होत न्हाईत. म्हैस काय गायीसारखी उड्या मारत न्हाई. कधी कधी माज मुकाच जातो, दिसतच न्हाई. म्हणून हे म्हणले, "आत्या, नजर ठेवा. ती रेकायला लागली, खालून सोट म्हणजे चिकट तार टाकली, वैरण सोडली, की त्याच घडीला फोन करा. मी कुठं बी आसलो तरी येतो." आत्यानं पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलला आन् भुरीच्या मागं खाट टाकली.

संक्रांतीनंतरचा चौथा दिवस. माझ्या घरी हळदी-कुंकू होतं, पंचवीस बाया बोलावल्या होत्या, वाण म्हणून चाळण्या आणल्या होत्या सेलूहून. सकाळी सातला ह्यांनी घड्याळ चार्जिंगला लावलं. आठ टक्के होतं. मी ते पाचच मिनिटांत काढलं. तिळाचं कूट करायचं होतं, आठला लाईट जाणार, मिक्सर काय माझ्या डोक्यावर लावू? तिळाचं झालं, मंग शेंगदाण्याचं केलं, मंग दूध उतू गेलं, आन् घड्याळ डोक्यातून गेलंच. हे आंघोळ करून आले तेव्हा आठवलं. गपचीप वायर लावून दिली. थोड्याच वेळात लाईट गेली.

"फुल झालं का गं?" ह्यांनी शर्ट घालता घालता विचारलं.

"झालं आसंल की. सातपासून तर लागलंय."

असं म्हणले मी. त्या दिवशी घाई होती, आन् आधीच त्या घड्याळाचा वैताग आलेला. त्यांनी बघितलं बी न्हाई. माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून मनगटाला बांधलं आन् गेले.

अकराच्या सुमाराला ते मेलं आसणार. ह्यांना कळलं न्हाई. मनगट थरथरलं न्हाई म्हणजे फोन आला न्हाई, अशी सवय लागलेली. त्या दिवशी तीन गावात चार जनावरं होती, सगळी सकाळीच ठरलेली. मोबाईल पिशवीत मुका. आज कोणाचाच फोन न्हाई, सणाचे दिवस हायत, असं त्यांच्या मनात आलं म्हणे.

आन् इकडं बाराला भुरी रेकायला लागली.

आत्यानं पहिला फोन बारा वाजून दहा मिनिटांनी केला. मंग साडेबाराला. मंग एकला. मंग मोजायचं सोडलं आसंल तिनं. मला बी केले, तर माझा मोबाईल स्पीकरला जोडलेला, आन् मधी फोन आला की गाणं तुटतंय म्हणून मी तो फ्लाइट मोडवर टाकून ठेवलेला. चार घरं पलीकडून ती बाई दोन-दोन मोबाईलला फोन लावत बसली होती.

तुमी म्हणताल, चार घरं तर हायत, चालत का न्हाई आली. आली होती, फोन लावून दमल्यावर. चारच्या सुमाराला बाया दारात आल्या होत्या, मी एकेकीला कुंकू लावत होते, आन् समोर पिठाच्या गिरणीच्या ओट्यापाशी आत्या उभी दिसली. डोक्यावरून पदर घेतलेला. हातानं मला काहीतरी खुणवत होती. तिला हळदी-कुंकवाला बोलावलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला कोण बोलावतंय? गावात कोणीच बोलावत न्हाई, मी बी न्हाई बोलावलं. ती उंबऱ्याच्या आत यायची न्हाई, रस्ता ओलांडून दारापर्यंत बी यायची न्हाई, हे मला माहीत होतं. मला वाटलं, बघायला आली आसंल, आन् मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायांनी बघितलं तर काय म्हणतील. मी नजर काढून घेतली आन् पुढचीला कुंकू लावलं. परत बघितलं तर ती गेली होती.

हे लांबच्या गावात होते. साडेचारला चहाचे पैसे द्यायला मोबाईल काढला, तर आत्याचे सतरा फोन. मनगटाकडं बघितलं तर घड्याळ काळं ठिक्कर. सुसाट आले, घरी न थांबता थेट आत्याच्या गोठ्यात गेले. पण टाकीत मुऱ्हा जातीच्या दोनच कांड्या होत्या सकाळी, आन् त्या दोन्ही तिसऱ्या-चौथ्या म्हशीला लागल्या होत्या, एक तीनला आन् एक चारला. बाराला कळलं असतं तर एक राखून ठेवली असती. आता कांडी सेलूलाच, ती बी सकाळी. दुसऱ्या दिवशी सेलूचा दवाखाना उघडायच्या आधी जाऊन बसले, साडेदहाला आले, हात घालून बघितलं. वेळ निघून गेली होती. भुरी शांत वैरण खात होती.

"उगं भरवायचं म्हणून भरवत न्हाई, आत्या," म्हणले आसतील, कारण तेच म्हणतात ते नेहमी. गोठ्यात त्यांचं आणखी काय बोलणं झालं ते मला माहीत न्हाई. मी घरात हळदी-कुंकवाची भांडी घासत होते.

मला ते काहीच बोलले न्हाईत. एका शब्दानं विचारलं न्हाई की सातपासून लागलं होतं तर अकराला मेलं कसं. त्याचाच मला राग आला. मीच तावातावानं म्हणले, "सात दिवस म्हणे. फसवतात लोकाला. कंपनीवर केस करायला पायजे." हे नुसते जेवत होते. ताट घासायला ठेवलं आन् घड्याळ चार्जिंगला लावलं.

एकवीस दिवस भरायच्या दोन दिवस आधीपासून हे कुठं गेलेच न्हाईत. फोन मोठ्या आवाजावर, घड्याळ हातात, दर तासाला टक्के बघायचे. वेळेवर भरवलं. आत्यानं म्हशीला हात लावून देवाला हात जोडले. पण बोटं तिनं बी मोजली होती.

पाडव्याच्या तिसऱ्या दिवशी हरिओम आला. हातापायाला उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगात ताप. त्यानं ह्यांना गोठ्यातच बोलावून घेतलं. मी बी गेले मागं.

"भाऊजी, सांगा. हाय का न्हाई?"

ह्यांनी मोजा चढवला, हात घातला, लय वेळ बघितलं. दीड महिना बी नीट झाला नव्हता.

"आत्ता खात्रीनं सांगता येत न्हाई," हे म्हणले. "अजून पंधरा-वीस दिवस थांबा."

"आसंल असं वाटायलंय का?"

"वाटण्यावर मी सांगत न्हाई."

मी तिथं उभी होते. अहो, म्हणा की हाय. एक शब्द म्हणायला काय जातंय तुमचं. डोळ्यानं सांगितलं, कोपरानं ढोसलं. घरी आल्यावर तर भांडलेच. ते म्हणले, "उद्या न्हाई निघाली तर हरिओम माझ्या तोंडावर थुंकंल, आन् ते बरोबरच आसंल." घ्या. असला खरेपणा काय चाटायचाय?

हरिओम थांबला न्हाई. त्याला तापातून उठून परत कामाला लागायचं होतं, आन् वैरण संपली होती. येत्या बाजारी भुरी विकली. आत्यानं तिचं दावं सोडून घेतलं, दुसऱ्याच्या हातात दिलं न्हाई, आन् घरात जाऊन बसली. रडली न्हाई. त्या दिवशी जेवली बी न्हाई. त्यानंतर ती गोठ्यात चहा प्यायला बसलेली मी बघितली न्हाई. मी गेले की दोन शब्द बोलायची आन् भिंतीकडं बघायची.

मे महिन्यात, ऊन असं की दारात उभं ऱ्हावत न्हाई, हे जेवायला बसले आन् घड्याळ थरथरलं. ऐंशी टक्के होतं त्या दिवशी, मेल्याचं. पहिल्याच थरथरीला उचललं. देवगाव फाट्याकडचे दत्तराव म्हणून होते. बाजारातून म्हैस घेतलीय, दोन महिने झाले, माजावर आली न्हाई, जरा येऊन बघा. हे गेले. संध्याकाळी आले ते हातपाय धुऊन ओसरीवर बसूनच ऱ्हायले. मी चहा दिला, तो गार झाला.

"भुरी हाय ती," शेवटी म्हणले. "तीन महिने भरलेत. दत्तरावांनी मला पेढा दिला."

मी गार झालेला चहा परत गरम करायला उचलला.

"आत्याला सांगायला पायजे," ते म्हणले. "बाहेरून कळण्यापेक्षा. मी जातो."

"तुमी बसा. मी सांगते."

आत्या दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. भुरी कुठं हाय, कोणाकडं हाय, आन् गाभण हाय. तिचा हात सुपात तसाच ऱ्हायला.

"खायला नीट घालतेत का तिला?"

"घालतेत. मोठा गोठा हाय म्हणे."

तिनं दोन खडे काढून बाजूला टाकले. मंग कमरेची पिशवी सोडली, आतला साधा मोबाईल काढला आन् माझ्यापुढं धरला.

"मला ह्यातलं काही कळत न्हाई. जावयाचा नंबर हाय ह्याच्यात, तो काढून टाक. आता मला जनावराचा डॉक्टर कशाला लागतोय?"

मी मोबाईल हातात घेतला. नंबर समोर आणला बी. पण बटण दाबवंना. जे चार महिने गिळलं होतं ते तोंडात आलं.

"आत्या, त्यांची चूक न्हाई गं. घड्याळ मी काढलं होतं चार्जिंगवरून. मिक्सर लावायला. आन् त्यांनी विचारलं तर फुल झालंय म्हणून मीच सांगितलं."

आत्यानं वर बघितलं.

"त्यानं तर मला वेगळंच सांगितलं. त्या दिवशी इथं गोठ्यात, माझ्या पायाला हात लावून. म्हणला, आत्या, मीच लावायचं विसरलो. मी त्याला काय काय बोलले, राजेश्री. आईवरून बोलले. तो मान खाली घालून ऐकून गेला."

माझं बोट अजून बटणावरच होतं.

"आन् त्या दिवशी मी गिरणीपाशी उभी होते," आत्या म्हणली. "तू मला बघितलंस का न्हाई?"

"बघितलं."

आत्यानं सूप मांडीवर ओढून घेतलं आन् परत तांदूळ निवडायला लागली.

"राहू दे जावयाचा," ती म्हणली. "तुझा काढ."

मी काढला.